शिरपूरच्या ताईंना उत्तर: वही कुणी लिहायची?

ताई, तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली आणि तेव्हापासून डोक्यात घोळतेय, म्हणून दोन ओळीत न उरकता सविस्तर लिहितेय. मागच्या लेखात मी म्हटलं होतं की आठवड्याची वही करा, कामं लिहून काढा, सकाळची तयारी रात्रीच करून ठेवा. त्यावर तुम्ही लिहिलंत की हे फ्लॅटमधल्या चौकोनी कुटुंबाला ठीक आहे, आमच्याकडे शेती, घरात म्हातारी माणसं, पाहुणे कधीही दारात, नळाचा भरवसा नाही, लाइटचा नाही, तिथं कसलं टाइमटेबल. आणि वही लिहायची कुणी, तर परत बाईनेच, म्हणजे डोक्यावर अजून एक काम.

हा शेवटचा मुद्दा आधी घेते कारण तो मला लागला आणि तो शंभर टक्के खरा आहे. मी लेख लिहिला तो सगळा बाईला उद्देशून, तू हे कर, तू ते लिहून ठेव, आणि हे माझं चुकलंच. २०१९ मध्ये केंद्र सरकारने टाइम यूज सर्व्हे केला होता, कोण दिवसभरात कशाला किती वेळ देतं त्याचा. त्यात स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बायांचा दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ घरकामात जात होता आणि पुरुषांचा ९७, आणि ते सुद्धा जे पुरुष घरकाम करतात त्यांचा, बाकीचे तर शंभरातले सत्तरच्या वर त्या दिवशी घरकामाला हातच लावत नव्हते. पण मला वाटतं या मिनिटांमध्ये एक गोष्ट आलेलीच नसते, ती म्हणजे लक्षात ठेवणं. दूध किती घ्यायचं, सासऱ्यांच्या बीपीच्या गोळ्या कधी संपतील, पोराची फी कधी, गिरणीतून दळण आणायचं राहिलं. हात भाकरी थापत असतात आणि डोक्यात हे चालू असतं. घरातलं कुणी मदत करतं तेव्हा सुद्धा विचारतं, "सांग, काय करू?" म्हणजे काम त्याने केलं पण आठवण माझ्याकडेच राहिली.

आमच्याकडे हे पाण्यावरून बदललं, ते सांगते. आमच्या गल्लीत नळ रोज येत नाही, मधे दिवस जातात, कधी पहाटे येतो कधी दुपारी. सासूबाई पारोळ्याकडच्या, अहिराणी बोलतात, त्यांनी "पानी उनं वं!" अशी हाक मारली की मी गॅस बंद करून पळायचे, मोटार लाव, दोनशे लिटरचा निळा ड्रम धू, माठ भर, हंडे भर. पोरगा आठवीत, तो मदत करायचा पण सांगितलं तरच. मागच्या वर्षी दिवाळीनंतर मी त्याला म्हटलं, आता पाणी तुझं. भरणं तर तुझंच, पण आज वार कोणता, शेजारी विचारायचं, ड्रम कधी घासायचा, मोटारीची पिन सैल झाली तर पप्पांना सांगायचं, सगळं तुझं, मी आठवण करणार नाही.

दुसऱ्याच आठवड्यात तो विसरला. नळ येऊन गेला, ड्रममध्ये तळाला वीतभर पाणी. सासूबाई माझ्यावरच चिडल्या, लेकराला कशाला ताप देतेस, तुले समजत नही का. मी गप्प बसले, आणि खरं सांगते ताई, ते गप्प बसणं सगळ्यात अवघड गेलं. दोन दिवस शेजारून चार चार हंडे आणले, त्यानेच आणले, आंघोळी अर्ध्या बादलीत. त्यानंतर त्याने स्वतःहून कॅलेंडरवर पेनाने गोल करायला सुरुवात केली आणि आजपर्यंत परत पाणी चुकलं नाही. ते कॅलेंडर त्याचं आहे, मी त्यात बघत पण नाही. म्हणून आता माझं मत असं झालंय की काम वाटून द्यायचं तर त्याची आठवण सुद्धा सोबत द्यायची, नाहीतर देऊच नका, कारण अर्धवट दिलं की आपणच घरातला मुकादम होतो.

आता तुमचा पहिला मुद्दा, की आपल्याकडच्या घरात टाइमटेबल चालत नाही. हे मला पटत नाही. माझे मिस्टर भुसावळला मालगाडीवर आहेत, कॉल आला की डबा घेऊन निघायचं, मग पहाटेचे तीन का असेनात. आमच्या घरात घड्याळावर काहीच चालत नाही, त्यामुळे मी घड्याळ सोडलं आणि कशाच्या आधी काय, कशाच्या नंतर काय एवढंच ठरवलं. पाणी आलं की त्याच दिवशी चादरी, ड्युटीवरून ते आले की त्याच वेळी पुढचा डबा धुवून ठेवायचा. तुमच्याकडे ज्या आठवड्यात शेतातल्या मोटारीची थ्री फेज लाइट रात्री असते त्या आठवड्यात पाणी द्यायला जाणारं माणूस सकाळी झोपणार, मग त्या आठवड्यात सकाळचा स्वयंपाक उशिरा धरा, आणि तो आठवडा आधीच माहीत असतो ना?

आणि आपल्या आज्या काय करत होत्या? माझी आजी निरक्षर होती. बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, बुधवारी घालायचे तर ज्वारी रविवारीच भिजायला पडायची, पीठ शिजवायला गल्लीतल्या बाया पहाटेच यायच्या, आज तुझ्याकडे उद्या माझ्याकडे, आणि ऊन डोक्यावर यायच्या आत खाटांवरच्या ओल्या कापडावर सगळे बिबडे थापून झालेले असायचे. मे महिन्यात ४४ डिग्रीत दहानंतर अंगणात उभं राहवत नाही, त्यामुळे उशीर चालायचाच नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेकी माहेरी यायच्या आधी पापड, कुरडया, सगळं डब्यात. ते टाइमटेबलच होतं ताई, फक्त ते एका बाईच्या डोक्यात नव्हतं, गल्लीभर वाटलेलं होतं.

पाहुण्यांचं थोडक्यात सांगते, तिखट शेव डब्यात कायम आणि भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण दोन-तीन दिवसांचं फ्रीजमध्ये, एवढं असलं की वीस मिनिटात शेवभाजी होते.

एका गोष्टीत मात्र तुमच्यापुढे माझ्याकडे उत्तर नाही. कापूस वेचणीच्या दिवसात तुम्ही सकाळी शेतात जाऊन दिवस मावळता घरी येता असं लिहिलंय, तिथं नियोजन करून वेळ निघत नाही कारण वेळ शिल्लकच नसतो. तिथं कामच कमी करायला पाहिजे. त्या दोन महिन्यात रात्री कळण्याची भाकरी, ठेचा आणि वरण, दुसरी भाजी नाही, फरशी एक दिवसाआड, आणि हे घरातल्या सगळ्यांसमोर बोलून ठरवायचं, म्हणजे ताटावर बसल्यावर कुणी विचारणार नाही की आज एवढंच का.

तुमच्या घरात धाकटे दीर आहेत असं तुम्ही लिहिलंय. सासूबाईंच्या गोळ्या आणि दवाखान्याच्या तारखा त्यांच्याकडे पूर्ण देऊन बघाल का, महिनाभर? गोळ्यांचं पाकीट संपायच्या आत त्यांनी स्वतःहून आणलं की नाही ते मला नक्की कळवा. औषधात चूक परवडत नाही, म्हणून पहिल्या महिन्यात एक पाकीट तुमच्याकडे जास्तीचं असू द्या, पण ते आहे हे त्यांना सांगू नका.