नुसती कात्री नव्हे

फॅन-एडिट, म्हणजे चाहत्यांनी एखादा चित्रपट आपल्या मनासारखा पुन्हा संपादित करणं, ही नुसती कात्री चालवणं आहे, हे त्यावरच्या लेखातलं वाक्य पटलं नाही. ‘द हॉबिट’चंच घ्या. १९३७ सालचं एक आटोपशीर पुस्तक, त्याचे २०१२ ते २०१४ मध्ये तीन चित्रपट! पुस्तकात नसलेली टॉरिएल ही एल्फ योद्धा काढून टाका म्हणणं सोपं आहे. पण पिंपांत बसून नदीतून पळण्याच्या प्रसंगात किली या बुटक्याच्या पायात बाण घुसतो आणि पुढे त्याला बरं करते तीच. तिला उडवलं की बाणही गाळा, लंगडणंही लपवा. वर पार्श्वसंगीत मध्येच तुटलं की लगेच कानाला खटकतं, ते वेगळंच.

जादूगार गँडाल्फ डोल गुल्डूरच्या पडक्या किल्ल्यात जातो, तो भाग मात्र बिनदिक्कत कापावा. पुस्तकात गँडाल्फ मध्येच निघून जातो, कुठे गेला होता ते शेवटी ओझरतं कळतं. वाचणाऱ्याचं काही अडत नाही.