120 ग्रॅमचं 'काऊन'

बापूंनी बंडीच्या खिशातून कापसाचं एक हिरवं बोंड काढलं, टपरीच्या बाकड्यावर ठेवलं आणि अडकित्त्यानं फोडलं. बाहेरून काही खोट नव्हती. आत तीन पाकळ्या दुधासारख्या पांढऱ्या. चौथीत दोन सरक्या एकमेकींना शिवल्यासारख्या चिकटलेल्या, आणि त्यांच्या बेचक्यात ती अळी. गुलाबी, तांदळाच्या दाण्याएवढी, डोकं तपकिरी.

“पाय,” बापू पिंट्याला म्हणाले, “तुह्या त्या मशीनले हे दिसते काय?”

मशीन म्हणजे लायगो. आमच्या पुसद तालुक्यातून पैनगंगा ओलांडली की हिंगोली जिल्हा, तिथं औंढा नागनाथजवळ ती गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहणार आहे. केंद्र सरकारनं एप्रिल 2023 मध्ये तिला 2600 कोटी मंजूर केले. पिंट्या अमरावतीला भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करतो, दिवाळीसाठी आलेला. अर्धा तास तो रंगात येऊन सांगत होता. काटकोनात दोन नळ्या, एकेक 4 किलोमीटर लांब, त्यात लेसरचा किरण. दूर कुठं दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली की अवकाशच थरथरतं. आइन्स्टाईननं 1916 साली हे कागदावर मांडलं होतं, आणि 14 सप्टेंबर 2015 ला अमेरिकेतल्या अशाच दोन यंत्रांनी ती थरथर पहिल्यांदा टिपली. तेवढ्यानं नळीच्या लांबीत पडलेला फरक एका प्रोटॉनपेक्षा शेकडो पट लहान!

“130 कोटी वर्षांमागची थरथर आयकाले पैसा हाय,” बापू म्हणाले, “अन् माह्या बोंडात कोण कुरतडून रायलं, ते आयकाले कोणी नाई. वेचणीच्या मुहूर्ताची पूजा, सीतादही, करून आठ दिवस नाई झाले. वेचणीले बाया लावू का नोको, समजून नाई रायलं.”

टपरीवर सगळे बापूंच्या बाजूचे होते. मीही, निम्म्याहून जास्त. कापूस पिकवणाऱ्या माणसाच्या हातात असं बोंड दिलं की त्याला कृष्णविवराचं कौतुक सांगवत नाही.

पिंट्या मात्र मागं हटला नाही. “बापू, मागच्या उन्हाळ्यात तुमच्या बांधाची मोजणी झाली ना? तो काठीवरचा डबा, रोव्हर, उपग्रहाशी बोलून जागा सांगत होता. उपग्रहातलं घड्याळ जमिनीवरच्या घड्याळापेक्षा रोज 38 मायक्रोसेकंद पुढे जाते. आइन्स्टाईनचा हिशोब लावून ते जुळवलं नाही, तर दिवसभरात दहा किलोमीटरच्या वर फरक पडते. तुमच्या बांधाचा वाद मिटला तो त्या हिशोबावर.”

“थो काय माहा बांध मोजाले बसला होता?”

“नाही ना. त्याले तर उपग्रह माहीतही नव्हता. तो फक्त इचारत होता, वेळ म्हणजे काय.”

गुरुजी तोवर गप्प होते. पस्तीस वर्षं विज्ञान शिकवलेला माणूस, बोलायच्या आधी चष्मा पुसतो. “बापू, तुम्ही उडीद कोणता पेरता?”

“टीएयू एक. बापजाद्यापासून... नाई, बापजाद्यापासून नाई, मीच आणला.”

“टी म्हणजे ट्रॉम्बे. ए म्हणजे अकोला. यू म्हणजे उडीद. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात किरणांचा मारा करून उडदात बदल घडवले, त्यातून निघालेल्या वाणाचा संकर केला, आणि अकोल्याच्या आपल्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठासोबत मिळून हे बियाणं काढलं. टीएजी 24 भुईमूगही तसाच.”

बापूंनी अडकित्ता मिटला. मलाही हे माहीत नव्हतं, आणि त्याचं मला वाईट वाटलं. इतकी वर्षं पेरतोय, थैलीवरची तीन अक्षरं कधी विचारली नाहीत.

पण बापूंनी जे पुढं विचारलं, त्यानं त्या संध्याकाळचं सगळं बोलणं फिरलं. ते म्हणाले, “मान्य हाय. उडीद आला, मोजणी आली. बीटीही शास्त्रज्ञायनंच देली. मंग अळी काऊन आली? ते सांगा.” आमच्याकडं 'का'ला काऊन म्हणतात.

याचं उत्तर मला द्यावं लागलं, कारण त्यात माझा हात आहे.

बीटी कापसाला आपल्याकडं 2002 साली परवानगी मिळाली. मातीतल्या एका जिवाणूचा जनुक कापसात घातलेला, त्यामुळं बोंड खाल्लं की अळी मरते. 2006 मध्ये दोन जनुकांचं बियाणं आलं. सुरुवातीची वर्षं खरंच चांगली गेली, फवारे कमी झाले, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्या बियाण्याच्या 450 ग्रॅमच्या पुड्यासोबत अजून एक लहान पाकीट यायचं, 120 ग्रॅमचं, बिगर बीटी. ते शेताच्या कडेनं पेरायचं. मी दुकानदाराला विचारलं होतं, हे कशाला? तो म्हणाला, फेकून द्या, त्यात काही दम नाही. आत बारीक अक्षरांचा कागद होता. मी तो वाचला नाही आणि कुणी वाचून दाखवला नाही. पाकीट धुऱ्यावर फेकलं. पुढच्या वर्षी पण. चांगल्या जमिनीच्या चार तासांत मुद्दाम अळीला खाऊ घालायचं बियाणं पेरायचं, हे कोणाच्या मनाला पटणार होतं?

2010 च्या सुमाराला गुजरातेतली गुलाबी बोंडअळी पहिल्या जनुकाला पुरून उरल्याचं कळलं. 2017 ला ती आमच्या जिल्ह्यात सगळीकडं होती. डोमकळ्याच डोमकळ्या, फूल उमलायचंच नाही. माझ्या चार एकरांत निम्मा कापूस कवडी निघाला. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन माणसं गेली. ते वर्ष इथं कोणी विसरलेलं नाही.

“पण त्या पाकिटानं काय झालं असतं?” बापू.

गुरुजींनी बाकड्यावर सुपारीची खांडं मांडली. “हजारो अळ्यांत एखादीला बीटीचं विष पचते. पण ती खूण आईकडून एक अन् बापाकडून एक, अशी दोन्हीकडून यावी लागते. एकाच बाजूची असली तर अळी मरते. आता समजा, तुमच्या शेतात अशी एखादी अळी वाचली अन् तिचा पतंग झाला. कडेला कापसाची साधी, बिगर बीटी पऱ्हाटी असली, तर तिच्यावर वाढलेले साधे पतंग शेकड्यानं उडत असतात. याची जोडी त्यातल्याच एखादीशी जमते. पिल्लांत खूण एकाच बाजूची. ती बीटीचं बोंड खातात अन् मरतात. कडेला साधी पऱ्हाटीच नसली, तर वाचलेल्याला वाचलेलीच भेटते. पिल्लांत खूण दोन्हीकडून येते, अन् ती मरत नाहीत.”

सगळे सुपारीकडं बघत राहिले. आणि तेव्हा टपरीच्या आतून गजूभाऊची बायको, आमची वहिनी, बोलली. वहिनी गावची आशा कार्यकर्ती आहे. बाळंतिणीच्या घरून नुकतीच आली होती, वजनकाट्याची पिशवी अजून खांद्यावरच.

“मामाजी, हे तं आमचं सिकलसेलच झालं, तो रक्ताचा आजार.”

“ते कसं?”

“तसंच तं हाय. एका बाजूनं खोट आली त्याले आम्ही एएस म्हणतो. त्याले बहुतेक काही त्रास नसते, शेतात काम करते, लग्न करते. पण एएसनं एएसशी लग्न केलं, तर दर लेकरामागे चारात एक धोका एसएसचा. मंग ते लेकरू जन्मभर दुखण्यात. एएसनं साध्याशी, म्हणजे एएशी केलं, तर एसएस होतच नाई. गुरुजीनं पतंगाचं सांगितलं, तेच मी घरोघरी पोरीच्या बापाले सांगतो. पत्रिका पाहा का नोका पाहू, सिकलसेलचं कार्ड पाहा.”

मी गेली कित्येक वर्षं कापूस आणि सिकलसेल, दोन्हींची पत्रकं बघत आलोय. दोन्हीत एकच गणित आहे, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. कृषी खात्याच्या कोणत्या सभेत नाही, आरोग्याच्या कोणत्या शिबिरात नाही. ते आमच्या टपरीवर एका आशाताईनं पकडलं. मला हे लिहून काढावंसं वाटलं ते मुख्यतः यासाठी.

गुरुजींचा चेहरा उजळला होता. “वहिनी, हे गणित ज्यानं पहिल्यांदा सोडवलं ना, तो मठातला पाद्री होता. मेंडेल. व्हिएन्नाला जाऊन डॉप्लरच्या हाताखाली भौतिकशास्त्र शिकला अन् परत येऊन मठाच्या बागेत वाटाणे लावले. वर्षानुवर्षं नुसते मोजले. एका प्रयोगात 5474 गोल दाणे अन् 1850 सुरकुतलेले. तिनास एक. 1866 ला छापलं, अन् 1900 पर्यंत कोणी विचारलं नाही.”

“वाटाणे मोजले?” बापू म्हणाले. “नुसते?”

“हाव. अन् सिकलसेलचं रूप काय, ते 1949 ला लायनस पॉलिंगनं दाखवलं, तोही मूळचा रसायनवाला. रक्तातल्या हिमोग्लोबिनचा रेणूच वेगळा. नंतर कळलं, सगळा फरक साखळीतल्या एका कडीचा. अन् ही खोट मलेरियाच्या मुलखातच काऊन टिकली? कारण एका बाजूची खोट असलेलं लेकरू मलेरियात वाचते.”

पिंट्या सरसावला. “बापू, अमेरिकेनं 2018 मध्ये गुलाबी बोंडअळी देशातून संपली असं जाहीर केलं. त्यायनं बीटी लावली, अन् सोबत किरणांनी वांझ केलेले पतंग विमानातून सोडले. वाचलेल्या पतंगाले जोडी मिळाली तरी अंडी फळत नव्हती. पुन्हा किरणंच आली पाहा.”

“अमेरिकेत विमान, अन् आमाले बारीक अक्षराचा कागद,” बापू म्हणाले.

याच्यावर पिंट्याकडं उत्तर नव्हतं. माझ्याकडंही नाही. आजकाल बिगर बीटी बियाणं त्याच थैलीत मिसळून देतात, म्हणजे फेकायचा प्रश्नच मिटवला. ठीक आहे. पण म्हणजे शेतकऱ्याला 'काऊन' सांगण्यापेक्षा त्याच्या हातून निवडच काढून घेणं सोपं वाटलं. माझा राग त्यावर आहे. 2600 कोटींवर नाही. लायगोनं आमचा कापूस खाल्ला नाही. आमचा कापूस गेला तो ज्ञान दुकानाच्या काउंटरपर्यंत आलं आणि तिथंच राहिलं म्हणून.

वहिनीनं पिशवी खाली ठेवली. आज सातव्या दिवसाची भेट होती, तिनं सांगितलं. बाळाचं वजन, अंगाचा ताप, आणि एका मिनिटात श्वास किती. 60 किंवा जास्त भरले तर लगेच दवाखाना. हे काम गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या सर्च संस्थेनं आधी 39 गावांत करून बघितलं, गावातल्याच बायांना शिकवून. महिनाभराच्या आतली बाळं दगावण्याचं प्रमाण 62 टक्क्यांनी घटलं. 1999 ला ते लॅन्सेटमध्ये छापून आलं, पुढं देशभरच्या आशांच्या कामात आलं.

“ते पण संशोधनच ना, मामाजी? बाई वाचू शकत नसली तरी श्वास मोजते. पण मले शिकवताना पहिले हे सांगितलं होतं का 60 काऊन. तान्ह्या लेकराचं फुप्फुस भरलं का ते जोरात श्वास घेते, म्हणून. ते समजलं, मंग आकडा इसरत नाई.”

बापूंनी चहाचे पैसे गजूभाऊच्या हातात ठेवले आणि मला विचारलं, अळी किती झाली म्हणजे फवारायचं. मी सांगितलं: एकरात फिरून, न निवडता 20 हिरवी बोंडं तोडायची आणि फोडायची. दोनात अळी निघाली तर फवारा, त्याखाली नाही. वासानं पतंग ओढणारा कामगंध सापळा लावला असेल तर सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले की फवारा.

“20 च काऊन?”

“दहा टक्क्यांचा हिशोब हाय, बापू. त्याच्याखाली फवाऱ्याचा खर्च निघत नाही.”

“तरी 2600 कोटी लय होते,” उठताना ते पिंट्याला म्हणाले.

सकाळी मी शेताकडं निघालो तर बापू धुऱ्यावर उकिडवे बसलेले. समोर धोतराच्या सोग्यावर बोंडांच्या दोन रांगा, अडकित्ता हातात. पिंट्या बाजूला वहीत लिहीत होता.

“एकोणीस झाले,” बापू मान वर न करता म्हणाले. “एकात निघाली. थांब, इसावं फोडू दे.”