कार्टूनवर भांडतो आपण, जपत मात्र नाही

अमेरिकेतून घरी इंदूरला फोन लावला आणि कार्टूनचा विषय निघाला की बोलणं हमखास एकाच जागी येऊन अडतं, ते म्हणजे एफआयआर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. इंदूरच्याच एका व्यंगचित्रकारानं २०२१ साली, कोविडच्या लशीच्या काळात काढलेलं पंतप्रधान आणि संघाबद्दलचं एक कार्टून २०२५ मध्ये पुन्हा फिरलं, मे महिन्यात गुन्हा दाखल झाला, हायकोर्टानं अटकपूर्व जामीन नाकारला आणि जुलैत सुप्रीम कोर्टानं त्याला अटकेपासून संरक्षण दिलं. तेव्हापासून आमच्या घरात दोन पार्ट्या आहेत. मावसभाऊ म्हणतो, ताई, तुमच्याकडे बरंय, काय वाट्टेल ते काढा, दारात पोलीस येत नाही. आणि मागून काका ओरडतात, अगं पण काही मर्यादा नको का, देशाच्या पंतप्रधानांचं असं चित्र काढायचं? मग अर्धा तास तेच.

दोघंही मनापासून बोलतात. माझं मत सरळ आहे, चित्र नाही आवडलं तर नाही आवडलं, त्याच्याविरुद्ध लिहा, त्याला उत्तर म्हणून दुसरं चित्र काढा, पण चित्रावर कलमं लावू नका. हे मी काकांनाही सांगितलंय, त्यांना पटलं नाही तो भाग वेगळा. पण इथे ओहायोत, कोलंबसला राहून जे बघते त्यावरून मला वाटायला लागलंय की या सगळ्या भांडणात एक गोष्ट पार राहून जाते. इंदूरला इतकी वर्षं लोकांनी पेपरांसाठी कार्टून काढली, पट्ट्या म्हणजे चौकटी-चौकटींच्या कॉमिक स्ट्रिप काढल्या, दिवाळी अंकांसाठी चित्रं काढली, ती चित्रं आहेत कुठे? उद्या कोणाला बघायची झाली तर जायचं कुठे?

आधी ते "तुमच्याकडे बरंय" बद्दल बोलते, कारण त्यात अर्धंच खरं आहे. कायद्याचं म्हणाल तर खरंच बरंय. १९८८ साली इथल्या सुप्रीम कोर्टापुढे हस्लर मासिकाची केस आली होती, एका नावाजलेल्या धर्मोपदेशकाची अत्यंत घाणेरडी टिंगल केलेली, आणि तरीही कोर्टानं एकमतानं मासिकाच्या बाजूनं निकाल दिला. त्या निकालात थॉमस नास्ट या जुन्या अमेरिकन व्यंगचित्रकाराचं उदाहरण देत राजकीय व्यंगचित्रांचा इतिहास सांगून म्हटलंय की ही कला असतेच बोचरी, ती नसती तर आपलं सार्वजनिक बोलणं गरीब झालं असतं. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो आणि आपल्याकडेही असा एखादा यावा असं मनापासून वाटतं.

पण कोर्टानं वाचवलेला कार्टूनिस्ट पेपरात टिकतोच असं नाही ना. जुलै २०२३ मध्ये मॅक्लॅची नावाच्या पेपरांच्या साखळीनं तीन व्यंगचित्रकारांना एकाच दिवशी काढून टाकलं, तिघेही पुलित्झर, म्हणजे इथला पत्रकारितेतला मोठा पुरस्कार, मिळालेले. त्याच्या आदल्या वर्षी ली एंटरप्रायझेसनं आपल्या ७० च्या वर पेपरांतलं कॉमिक्सचं पान आखडून सगळीकडे तेच ठराविक अर्धं पान चालू केलं, म्हणजे गावागावाच्या आपापल्या आवडीच्या पट्ट्या गेल्या. आणि जानेवारी २०२५ मध्ये अ‍ॅन टेलनेस या बाईंनी वॉशिंग्टन पोस्ट सोडला, कारण त्यांनी काढलेलं चित्र पेपरनं छापलंच नाही, त्यात बडे टेक मालक ट्रम्पच्या पुतळ्यापुढे गुडघे टेकून बसलेले होते आणि त्यांच्यात पेपरचे मालक जेफ बेझोसही होते. त्याच वर्षी टेलनेसना पुलित्झर मिळालं. तर दारात पोलीस आला नाही हे बरोबर, पण चित्रही छापून आलं नाही. मावसभावाला मी हे सांगते तेव्हा तो गप्प होतो, मग म्हणतो, म्हणजे तिकडेही तेच. तर नाही, तेच नाही. इथे एक गोष्ट आहे जी आपल्याकडे नाही, आणि ती आपण मनात आणलं तर उद्यापासून करू शकतो, त्याला कोर्टही लागत नाही आणि सरकार बदलायलाही लागत नाही.

ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत बिली आयर्लंड कार्टून लायब्ररी अँड म्युझियम आहे. बिली आयर्लंड म्हणजे इथल्याच कोलंबस डिस्पॅच पेपरचा व्यंगचित्रकार, म्हणजे बघा, नाव एका गावच्या कार्टूनिस्टचं. १९७७ मध्ये मिल्टन कॅनिफ या कॉमिक्सवाल्यानं, जो याच युनिव्हर्सिटीचा विद्यार्थी, आपली कागदपत्रं दिली तिथून सुरुवात झाली. आज तिथे ३ लाखांवर मूळ चित्रं आहेत आणि पेपरातल्या पट्ट्यांची कात्रणं नि पानं मिळून २५ लाख. तिकीट नाही. रीडिंग रूममध्ये आधी कळवलं की कोणीही जाऊन मूळ चित्र मागवू शकतो, तुम्ही प्रोफेसर असा की आठवीतलं पोर.

मी मागवलं होतं एकदा, रोजच्या पेपरातली एक जुनी पट्टी. ती छापलेली बोटभर असते आणि मूळ कागद हातभर लांब, ते बघूनच आधी आश्चर्य वाटतं. जाड पांढरा कागद, त्याच्यावर फिकट निळ्या पेन्सिलच्या रेघा तशाच राहिलेल्या, कारण छपाईचा ठसा म्हणजे ब्लॉक करताना कॅमेऱ्याला तो निळा रंग दिसत नाही म्हणून पुसायची गरजच नसते. एका चेहऱ्यावर पांढरा रंग लावून तो पुन्हा काढलाय, आधीची भुवई वर होती ती खाली केलीय, आणि त्या एवढ्याशा बदलानं माणूस चिडलेला न दिसता थकलेला दिसायला लागतो. फुग्यातले शब्द वेगळ्या कागदावर लिहून चिकटवलेत, समासात पेन्सिलीनं छपाईवाल्याला माप लिहिलंय. छापलेल्या पेपरात यातलं काही म्हणजे काही दिसत नाही. हे बघितल्यावर कळतं की ही कला शिकायची असेल तर मूळ कागद समोर लागतो, नुसत्या छापील चित्रावरून शिकणारा पोरगा अर्धंच शिकतो.

आणि हे सगळं काही सरकारनं फर्मान काढून जमवलं असं नाहीये. १९७० च्या आसपास अमेरिकेतल्या लायब्रऱ्या पेपर मायक्रोफिल्मवर घेऊन मूळ पेपर टाकून देत होत्या, तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोत बिल ब्लॅकबियर्ड नावाचा एक माणूस, त्यानं एक ना-नफा संस्था काढली आणि ते टाकून दिलेले पेपर आपल्या घरात आणून ठेवायला लागला. फक्त कॉमिक्ससाठी. पुढे १९९८ मध्ये तो साठा ओहायोत आला तेव्हा ७५ टन भरला, सहा मोठ्ठे ट्रक लागले. त्या माणसाच्या घरात चालायला तरी जागा असेल का हा विचार माझ्या मनात नेहमी येतो. आज अमेरिकन कॉमिक्सच्या इतिहासावर काम करणाऱ्याला त्या साठ्याशिवाय पुढे जाताच येत नाही.

आता इंदूर. आपलं शहर चित्रांच्या बाबतीत काही कोरडं नव्हतं हो. देवळालीकर मास्तरांनी १९२७ मध्ये चित्रकलेची शाळा काढली, तिथून चित्रकार ना. श्री. बेंद्रे निघाले, एम. एफ. हुसेन तिथे शिकले. १९४७ मध्ये नई दुनिया हा हिंदी पेपर निघाला, त्याचे संपादक राहुल बारपुते आपलेच मराठी, आणि बारपुते, चित्रकार विष्णू चिंचाळकर गुरुजी, देवासचे कुमार गंधर्व ही सगळी एकमेकांच्या घरी उठबस असलेली मंडळी. म्हणजे पेपर, चित्र, गाणं हे सगळं एका ओसरीवर होतं.

आणि वाचकही तसाच. इंदूरच्या मराठी घरांची एक श्रीमंती पुण्या-मुंबईच्या लोकांना कळत नाही, आमच्याकडे कार्टून दोन्ही बाजूंनी यायची. हिंदीतून धर्मयुगातला आबिद सुरतींचा ढब्बूजी, लोटपोट, प्राण यांचे चाचा चौधरी आणि साबू, गल्लीच्या तोंडाशी भाड्यानं कॉमिक्स देणारं दुकान, आठ आण्यात एक दिवस. आणि मराठीतून दिवाळी अंक, ते थोडे उशिरा यायचे पण यायचे, आवाजमधली खिडकीची चित्रं मोठे लोक आमच्यापासून लपवायचे, मोहिनीवर शि. द. फडणीसांचं मुखपृष्ठ, ज्यात एक शब्द नसायचा आणि तरी आजीपासून पोरांपर्यंत सगळे हसायचे, ललितमध्ये वसंत सरवट्यांची चित्रं. १९९१ मध्ये सकाळमध्ये चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकरांचा चिंटू सुरू झाला, तर पुण्याची आत्या त्या पट्ट्या कापून साठवायची आणि महिन्याचं पाकीट करून इंदूरला पाठवायची, आम्ही त्या जेवणाच्या टेबलावर ओळीनं मांडून वाचायचो.

बरं, आम्ही नुसते वाचणारे नव्हतो. रामबागेत आमच्या शेजारी एक काका होते, दिवसा ऑफिस आणि संध्याकाळी कार्टून. एका सांजदैनिकाला सिंगल कॉलम चित्र द्यायचे, टाक आणि काळी शाई, चित्र काढताना जीभ दातात धरलेली. वाळलं की खाकी पाकिटात घालून द्यायचे आणि ते पोचवायला बरेचदा मला पाठवायचे, प्रेसवर जस्ताचा ब्लॉक व्हायचा आणि मूळ चित्र तिकडेच पडून राहायचं, परत मागायची पद्धतच नव्हती. काका नळाच्या पाण्यावर काढायचे, खड्ड्यांवर काढायचे, टेम्पोत कोंबलेल्या माणसांवर काढायचे, आणि राजवाड्याला आग लागली, १९८४ ला, त्याच्यावरही एक काढलं होतं, त्यात नुसता दरवाजा आणि समोर उभी असलेली माणसांची पाठ, बाकी काही नाही. मला ते अजून जसंच्या तसं आठवतं. पण दाखवू शकत नाही. सांजदैनिक बंद पडलं, त्याच्या फायली कुठे गेल्या कोणी सांगू शकत नाही, आणि काका गेल्यावर घर विकलं तेव्हा घरातली उरलीसुरली चित्रं किलोच्या भावानं रद्दीवाल्याकडे गेली. त्यांच्या मुलांना मी नावं ठेवत नाही. ही चित्रं घेईल अशी जागाच शहरात नव्हती तर ते तरी काय करणार.

इथे मला राग येतो आणि तो लपवायची मला गरज वाटत नाही. एका चित्रावर शहर दोन महिने भांडतं, ठीक आहे, भांडावं. पण त्याच शहरातली हजारो चित्रं गुपचूप रद्दीत जातात त्यावर कोणी एक ओळ बोलत नाही, ना अभिव्यक्तीवाले ना संस्कृतीवाले. आणि दोन्ही पार्ट्यांना खरं तर त्या चित्रांची गरज आहे. फोनवरचे आमचे काका म्हणतात पूर्वीचे लोक मर्यादेत काढायचे, भाऊ म्हणतो पूर्वी जास्त मोकळं होतं, आता यातलं खरं काय ते ठरवायचं कशावरून? जुनी चित्रं काढून टेबलावर ठेवा की कळेल. ती नाहीत म्हणून दोघंही आठवणीवर भांडतायत.

भावाचं दुसरं म्हणणं असं की आता पेपर कोण वाचतं, पोरं टॅबवर काढतात, इन्स्टाग्रामवर टाकतात, हजारो लोक बघतात. बघतात, आणि मला ती पोरं आवडतात, इंदोरी बोलीत काय सुंदर काढतात काही काही जण. पण पेपरातली पट्टी रोज त्याच जागी यायची, सकाळी चहाबरोबर, आजोबा आणि नातू दोघं तीच बघायचे, मोबाईलवर दोघांना दोन वेगळ्या गोष्टी दिसतात. शिवाय अकाउंट बंद झालं की काम गेलं. त्यामुळे पेपरवाल्यांकडेही माझं मागणं आहे, शहराच्या पानांवर इतकं काय काय छापता, रोज चार चौकटींची एक पट्टी द्या, इथल्या पोराची, इथल्या गल्लीची, मालवी-हिंदी-मराठी मिसळलेल्या बोलीतली. चिंटू चालला कारण पुण्याच्या पोरांना तो आपल्या कॉलनीतला वाटला. इंदूरच्या पोराला तसा कोण आहे?

आणि जागेचं म्हणाल तर गांधी हॉलमध्ये एक खोली, किंवा युनिव्हर्सिटीच्या पत्रकारितेच्या विभागात चार स्टीलची कपाटं, किंवा आपल्या मराठी संस्थांपैकी कोणी लायब्ररीतला एक कोपरा, एवढ्यावर सुरुवात होते. बंगळुरूला व्यंगचित्रकारांची संस्था स्वतःची गॅलरी चालवते, म्हणजे भारतात होत नाही असं नाही. डिसेंबरात मी इंदूरला येतेय, येताना चांगला स्कॅनर आणतेय, ज्यांच्या माळ्यावर काही असेल त्यांनी मला सांगा, मी घरी येऊन स्कॅन करून देईन, मूळ चित्र तुमच्याकडेच राहील.

तोवर एवढं करा. मूळ चित्रं आणि पेपरची कात्रणं एकत्र ठेवू नका, पेपरचा कागद पिवळा पडतो आणि शेजारच्या कागदालाही पिवळा करतो. घडी घालू नका, सपाट ठेवा. मागच्या बाजूला साध्या पेन्सिलीनं, बॉलपेननं नाही, कोणी काढलं, कोणत्या पेपरसाठी आणि साधारण कोणतं साल एवढं लिहून ठेवा, घरात ते सांगणारं माणूस असेपर्यंतच ते होईल. फाटलं असेल तर सेलोटेप लावू नका, आणि लॅमिनेशन तर अजिबात करू नका.