पालवी फुटली म्हणजे काडी लागली?

शेळीपालकांच्या मोबाइलवर एक मजकूर फिरतोय : "सुबाभूळ, शेवरी, हादगा, शेवगा, गिरीपुष्प, कुठल्याही चारा-झाडाची हिरवी फांदी तोडा, बुडाला मध लावा, मे महिन्यात बांधावर खोचा. पंधरा दिवसांत पालवी फुटली की झाड लागलं. बियाच्या झाडापेक्षा ते दुष्काळात जास्त टिकतं." यात शेवगा आणि गिरीपुष्प (ग्लिरिसिडिया) काडीनं, म्हणजे तोडलेली फांदी खोचून लागतात, एवढंच खरं.

'कुठल्याही झाडाची' : सुबाभूळ, शेवरी, हादगा बियांपासूनच करावीत. सुबाभळीचं बी टणक असतं, म्हणून उकळून पाचेक मिनिटं निवलेलं पाणी त्यावर ओतून रात्रभर ठेवायचं. फुगलेलं बी पेरा, न फुगलेल्याला पुन्हा तोच उपचार. काडीनं लागतात ती गिरीपुष्प, शेवगा, तुती आणि पांगारा.

'हिरवी फांदी' : कोवळ्या फांदीत साठवलेलं अन्न कमी, पाणी जास्त, ती आधी सुकते, मग कुजते. गिरीपुष्पाची करड्या सालीची, वर्षभराची फांदी घ्या. रोपाच्या पिशवीत लावायला अंगठ्याएवढी जाड, 30 ते 40 सेंमी. कुंपणासाठी दीड-दोन मीटर. शेवग्याची 4-5 सेंमी जाड, मीटरभर. तुतीची पेन्सिलीएवढी, 3-4 डोळ्यांची. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली तिरका, वरचा सपाट. म्हणजे गठ्ठ्यात काडीचं बूड कुठलं ते चुकत नाही. उलटी खोचलेली काडी सहसा लागत नाही.

'पंधरा दिवसांत पालवी' : सगळ्यात जास्त फसवणूक इथे होते. ती पालवी काडीतल्या साठ्यावर फुटते, मुळांवर नाही. विसाव्या दिवशी अशी हिरवीगार काडी उपटून पाहा : बुडाशी बहुतेक वेळा पांढरट गाठ दिसेल, मूळ नाही. साल काळी पडून बोटाला चिकट लागली, तर कूज सुरू झाली. पानं जितकी जास्त तितकं पाणी उडतं, साठा संपतो आणि महिन्याभरात सगळं वाळतं. मग लोक वाळवीला शिव्या देतात! पिशवीच्या तळच्या भोकांतून पांढरी मुळं डोकावली, की काडी लागली समजा. त्याला दीड-दोन महिने लागतात.

'मे महिन्यात बांधावर' : सोलापूरच्या मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर आणि काळ्या रानाला भेगा. भेगेत बुडाला हवा लागते, नवी मुळं तुटतात. उलट रोज पाणी दिलं तर त्याच काळ्या मातीत बूड सडतं. आपल्याकडे पावसाचा जोर सप्टेंबरात, जुलैत उघडीप ठरलेली. त्यामुळे मृगात थेट खोचलेली काडीही अडकते. फेब्रुवारीत सावलीत पिशव्या भरा : 2 भाग वाळू, 1 भाग माती, 1 भाग कुजलेलं शेणखत. कच्चं शेण नको, त्यावर वाळवी येते. ओल वाफशाएवढीच ठेवा, म्हणजे माती ओलसर पण चिखल नाही. मुळं धरलेलं रोप पावसाची ओल खोल गेल्यावर लावा.

'मध' : गिरीपुष्प आणि तुतीला काहीच लावावं लागत नाही. मधानं मुंग्यांची सोय होते.

'दुष्काळात जास्त टिकतं' : उलट आहे. बियाच्या झाडाला सोटमूळ येतं. काडीच्या झाडाची मुळं आडवी, वरच्या थरात पसरतात. सांगोला-मंगळवेढ्याच्या मुरमाड माळावर गिरीपुष्पसुद्धा बियांपासूनच करा. काडी ठेवा विहिरीचं पाणी मिळणाऱ्या बांधाला, जिथं कुंपण लवकर हवं असतं.