लागलं नाही ना ताई? मग सोडा आता

गेल्या श्रावणातली गोष्ट. सकाळी साडेनऊला विश्रामबागेतून मार्केट यार्डाकडे निघाले होते. हळदीच्या अडत दुकानात मी हिशेब लिहिते आणि बारा वर्षं सायकलनेच जाते. सांगली-मिरज रस्त्यावर मागून एक कार आली, मला ओलांडून पुढे गेली आणि डावीकडच्या दुकानापुढे लावण्यासाठी एकदम आत वळली. इंडिकेटर नाही, हॉर्न नाही. मी दोन्ही ब्रेक दाबले, तरी पुढचं चाक कारच्या मागच्या दारावर आदळलं. मी खाली पडले, पण तळहात खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. सायकलच्या पुढच्या चाकाचा पार आठ झाला आणि ते चाक धरणारा चिमटा वाकला.

कारवाले गृहस्थ उतरून म्हणाले, "मावशी, तुम्हीच येऊन धडकलाय की." जमलेल्या सगळ्यांचं म्हणणं एकच, "लागलं नाही ना ताई? मग सोडा आता." कारवाल्यांनी खिशातून पाचशेची नोट काढली. मी ती घेतली नाही. त्या क्षणी कायदा वगैरे काही डोक्यात नव्हतं. सायकल चौदा हजार दोनशेची होती, मी ती भिशीच्या पैशांतून घेतली होती, आणि पाचशेत चिमटा येत नाही एवढंच मला माहीत होतं.

"लागलं नाही ना" या प्रश्नात काळजी असते, ते मी नाकारत नाही. पण माणसाला लागलं तरच अपघात, सायकल मोडली तर नुसतं नशीब, हा हिशेब कुणी ठरवला? कारच्या दाराला पोचा आला असता तर तिथेच तासभर भांडण झालं असतं आणि ते सगळ्यांना रास्त वाटलं असतं. सायकलला नंबर नाही, आरसी नाही, विमा नाही, म्हणून तिच्या मालकाला हक्कही नाही असं आपण धरून चालतो. आपलं गाव सपाट आहे. हमाल, पेपर टाकणारी पोरं, क्लासला जाणाऱ्या मुली, दूधवाले, किती माणसांचा रोजचा दिवस सायकलवर उभा आहे. ती पंधरा दिवस दुकानात पडून राहिली तर काय होतं, ते त्यांना विचारा.

कायदा काय सांगतो ते मला नंतर वाचून कळलं. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १४६. रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक मोटारीला तृतीय पक्ष विमा सक्तीचा आहे. हा तृतीय पक्ष म्हणजे तुम्ही आणि मी. त्या विम्यात जखम आणि मृत्यू येतातच, शिवाय आपल्या मालमत्तेचं नुकसानही येतं, आणि सायकल ही मालमत्ता आहे. खासगी कारच्या पॉलिसीत या नुकसानीसाठी साधारणपणे साडेसात लाखांपर्यंतचं संरक्षण असतं. माझ्या सायकलच्या दुरुस्तीचा खर्च ६,८५० रुपये.

मग कारवाले विम्याचं नाव का काढत नाहीत? "क्लेम केला की बोनस जातो," असं ते गृहस्थ मला फोनवर म्हणाले. हा गैरसमज घरोघरी आहे, म्हणून स्पष्ट लिहिते. नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दलची सूट, हा स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर मिळतो. तृतीय पक्षाच्या दाव्याने तो जात नाही. आणि विमाच नसेल, तर कलम १९६ खाली पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, शिवाय भरपाई मालकाच्या खिशातून जाते.

"तुम्हीच धडकलात" याचंही उत्तर आहे. कुणाचा पुढचा भाग कुणाच्या मागच्या भागावर आदळला, एवढ्यावर चूक ठरत नाही. वळणाऱ्याने आधी इशारा द्यायचा आणि मागून-बाजूने येणाऱ्याला धोका नाही हे पाहून वळायचं. माझ्या नशिबाने समोरच्या दुकानाला कॅमेरा होता. त्याच दुपारी जाऊन चित्रीकरण मोबाईलवर मागून घेतलं. हे दुसऱ्या दिवसावर ढकलू नका. बऱ्याच कॅमेऱ्यांत जुन्यावर नवीन चढत जातं, मग हात जोडूनही मिळत नाही.

पोलीस ठाण्यातही तोच प्रश्न. "लागलंय का? नाही ना? मग आपसात मिटवा." मी लेखी अर्ज दिला आणि आवक शिक्का मारलेली पोच मागून घेतली. त्यासाठी दोन तास बसले. भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ बेदरकार गाडी चालवण्याबद्दल आहे. त्यात इजा होण्याची शक्यता पुरेशी असते, कुणी प्रत्यक्ष जखमी झालंच पाहिजे अशी अट नाही. हे ठाण्यातल्या माणसांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असणार. तरी सायकलवाल्या बाईला परत पाठवलं जातं, आणि मला याचा अजूनही राग आहे.

सायकल दुरुस्तीला टाकण्याआधी मिस्त्रीकडून दुकानाच्या शिक्क्यासह अंदाजपत्रक घेतलं. नवं रिम, आरे, चिमटा, पुढचा ब्रेक, मजुरी, सगळं वेगवेगळं लिहून. वाकलेला चिमटा घरी पोत्यात बांधून ठेवला. सायकल घेतल्याची पावती देवघराच्या फडताळात सापडली. बावीस दिवस वडाप रिक्षाने गेले, रोजचे चाळीस रुपये, तेही वहीत मांडले. तो खर्चही नुकसानीतच धरायचा.

नंतरची वाट मात्र खडतर आहे आणि माझी खरी तक्रार तिथेच आहे. दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात करायचा. आपल्याकडे ते विजयनगरला जिल्हा न्यायालयात. अपघात जिथे झाला तिथे किंवा आपण राहतो तिथेही अर्ज करता येतो. मालमत्तेचं नुकसान दोन हजारांच्या वर असेल तर हवं असल्यास दिवाणी न्यायालयाचाही पर्याय आहे. न्यायाधिकरणाच्या अर्जाला १ एप्रिल २०२२ पासून अपघातानंतर सहा महिन्यांची मुदत आहे. पण सात हजारांसाठी वकील, तारखा, रजा? विमा कंपनीला मी रजिस्टर पत्र पाठवलं, त्याला उत्तरच आलं नाही. ग्राहक आयोगात जा, असं एकाने सुचवलं. पण विमा कारवाल्याने घेतलेला, मी त्या कंपनीची ग्राहकच नाही, तिथे माझं कोण ऐकणार? लाखांच्या दाव्यासाठी बांधलेल्या दारातून हजारांच्या माणसाने कसं जायचं? छोट्या नुकसानीसाठी विमा कंपन्यांनी साधी खिडकी ठेवली पाहिजे. फोटो, पोच, अंदाजपत्रक द्या, महिन्यात पैसे घ्या. यापेक्षा जास्त काही मी मागत नाही.

मला वाट सापडली ती जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७, कलम १२. स्त्रियांना मोफत कायदेशीर मदत मिळते आणि त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही. ही ओळ मी आमच्या भिशीतल्या बायकांना वाचून दाखवली तेव्हा एकीलाही ती माहीत नव्हती. तिथे दाखलपूर्व प्रकरण, म्हणजे कोर्टात दावा दाखल होण्याआधीचं प्रकरण, म्हणून अर्ज घेतला आणि गृहस्थांना नोटीस गेली. लोकअदालतीच्या दिवशी ते आले. बरोबर मुलगा होता, तोच बोलत होता. चित्रीकरण दाखवल्यावर दोघेही गप्प झाले. सात हजारांवर तडजोड झाली. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसतं, त्यामुळे विषय तिथेच संपला.

बाहेर आल्यावर ते गृहस्थ म्हणाले, "ताई, त्या दिवशी मी खरंच आरशात बघितलं नव्हतं." एवढं वाक्य रस्त्यावरच बोलले असते, तर मी बहुतेक दुरुस्तीच्या निम्म्या पैशांवर राजी झाले असते.

माझा अर्ज, विमा कंपनीला पाठवलेलं पत्र आणि खर्चाचा तक्ता, तिन्ही टाइप करून ठेवले आहेत. सांगली-मिरजेत कुणाला हवे असतील तर मेसेज करा, संध्याकाळी सातनंतर पाठवते. अपघात होऊन चार-पाच महिने झाले असतील तर तसं पहिल्याच ओळीत लिहा, त्यांना आधी पाठवीन.