तो उडत का नाही?

शनिवारी संध्याकाळी ब्रुकलिनच्या प्रॉस्पेक्ट पार्कात चटई टाकायला जागा नव्हती. जुलैचा उकाडा, दहा पावलांवर एकेक शेगडी, तिच्यावर कोंबडी, लांबून ढोलाचा आवाज. आणि त्या गर्दीतून एकटाच एक कॅनडा गूज आरामात गवत उपटत चाललेला. काळी मान, हनुवटीखाली पांढरा पट्टा, कानटोपी बांधल्यासारखा.

"अगं, हंस बघ!" सासूबाई म्हणाल्या. "हंस नव्हे आई, गूज." "मग मराठीत काय म्हणायचं त्याला?" मला चटकन सांगता येईना. त्याचा भाऊबंद पट्टकदंब हिवाळ्यात आपल्याकडे नांदूर मधमेश्वरला येतो. तो मी पाहिलाय, पण दुर्बिणीतून, ठिपक्याएवढा. हा माझ्या चपलेपासून हातभर अंतरावर होता. गवताचा टर्र टर्र आवाज ऐकू येत होता.

शेजारच्या चटईवरचा एक गृहस्थ त्याला बनपाव दाखवत म्हणाला, "किती माणसाळलाय! उडतसुद्धा नाही."

तेवढ्यात त्याने पंख झाडले आणि मला दिसलं. लांब पिसांच्या जागी नुसते खुंट, त्यातून नवी पिसं जेमतेम डोकावत होती. माणसाळलेला कसला, त्याला उडताच येत नव्हतं! उन्हाळ्यात या पक्ष्यांची उडायची पिसं एकदम झडतात आणि महिनाभर ते जमिनीवर अडकतात.

२०१० च्या जुलैमध्ये याच बागेत नेमका याचाच फायदा घेतला गेला. कृषी खात्याच्या माणसांनी पहाटे येऊन जवळपास ४०० गूज धरले आणि वायू सोडून मारले. सकाळी फिरायला येणाऱ्यांना तळं रिकामं दिसलं. कारण काय, तर १५ जानेवारी २००९ ला न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावरून उडालेल्या विमानाच्या इंजिनांत गूज घुसले आणि कॅप्टन सलेनबर्गर यांना ते हडसन नदीत उतरवावं लागलं. १५५ जण होते, सगळे वाचले.

विमानं सुरक्षित हवीत, यात वादच नाही. मीही दर दोन वर्षांनी जीव मुठीत धरून मुंबईला उडते. पण त्या इंजिनांतली पिसं स्मिथसोनियन या अमेरिकी संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तपासली, तेव्हा ते पक्षी कॅनडातल्या लॅब्राडोरकडचे, स्थलांतर करणारे निघाले. बागेतले बारमाही नव्हेत. तो निष्कर्ष २००९ मध्येच छापून आला होता. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!

बरं, हे बारमाही गूज इथे आले कुठून? बऱ्याच अंशी माणसांनीच आणले. शिकारी लोक रानातल्या थव्यांना भुलवायला जिवंत गूज पाळायचे. १९३५ मध्ये त्यावर बंदी आली आणि त्यांतले बरेच मोकळे झाले. त्यांना कुठे जायचं हे शिकवायला कोणी नव्हतं. मग आपण तळ्याकाठी हिरवळी लावल्या. गवत आयतं, वर पाव. आणि आता तक्रार, की हे जात का नाहीत! घाण करतात हे मात्र खरं, माझी चटई साक्षीला आहे.

पाव देऊ नका, असं मी त्या गृहस्थाला सांगितलं. त्याने खांदे उडवले आणि तुकडा अजून पुढे केला. गूजने मान जमिनीलगत ताणली, चोच उघडली, कडेच्या करवतीसारख्या खाचा दिसल्या आणि असा काही फुत्कार टाकला की गृहस्थ बनपावासकट मागे सरकला.

सासूबाई खूश. "काही म्हण," त्या म्हणाल्या, "कडक आहे हो!"