पाळणाघराची फी कोणाच्या पगारातून वजा करायची?

सोलापुरात सात रस्त्याजवळच्या चहाच्या टपरीसमोर आमचा जो कट्टा संध्याकाळी भरतो, त्यावर गेल्या जानेवारीत, होम मैदानावर गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेची, गर्दी चालू असताना, सलग तीन संध्याकाळी एकच विषय चालला आणि तो विषय मीच काढला होता. माझी मुलगी जर्मनीत श्टुटगार्टला असते. ती आणि जावई दोघेही अभियंते आहेत, आणि त्यांचा मुलगा तेव्हा चौदा महिन्यांचा होता. मुलीने अठ्ठावीस तासांच्या आठवड्यावर पुन्हा कामाला जायचे ठरवले होते, तर पंढरपूरच्या विहीणबाईंचे म्हणणे असे होते की कायदा मूल तीन वर्षांचे होईपर्यंत नोकरी राखून ठेवत असताना आईने एवढी घाई करू नये. मुलीने मला फोनवर विचारले, "बाबा, तुम्हाला काय वाटतं?" आणि मला लगेच उत्तर देता आले नाही. ते न सुचलेले उत्तर घेऊन मी कट्ट्यावर गेलो.

पहिल्या संध्याकाळी साहेबांनी, म्हणजे आमच्यातल्या निवृत्त बँक अधिकाऱ्याने, खिशातला पेन काढून हिशेब मांडला. मुलीला अठ्ठावीस तासांचे हातात सोळाशे युरो मिळणार होते. किटाची, म्हणजे तिथल्या पाळणाघराची, फी आणि जेवणाचे पैसे मिळून साडेचारशे जाणार. जाण्यायेण्याचा खर्च, घाईच्या दिवशी बाहेरून आणलेले जेवण आणि मूल आजारी पडले की बुडणारे दिवस त्यांनी त्यातून वजा केले आणि खाली रेघ मारली. "एवढ्याशा रकमेसाठी चौदा महिन्यांच्या लेकराला परक्या भाषेच्या माणसांकडे रडत सोडायचं का?" असे त्यांनी विचारले. साहेबांचा हेतू वाईट नव्हता. स्वतःच्या नातवासाठी त्यांनीही हाच हिशेब केला असता, आणि खरे सांगायचे तर घरी बसून मीही तोच केला होता.

त्यांना उत्तर दिले ते अण्णाने, पण त्याच्या उत्तराने विषय सुटण्याऐवजी आणखी खोल गेला. अण्णा शहराच्या पूर्व भागातला, म्हणजे तेलुगू भाषक विणकरांच्या वस्तीतला. आज त्याचे यंत्रमाग आहेत, पण त्याच्या आईने आयुष्यभर बिड्या वळल्या. मांडीवर सूप, बाजूला भिजवून कापलेली पाने, आणि गुडघ्याला टेकून बसलेले मूल, अशा बैठकीत ती सकाळपासून बसे आणि वळलेल्या बिड्या मोजून कारखान्यात देऊन येई. "आमच्या आईला कुठली रजा आणि कुठलं पाळणाघर? पाच पोरं झाली, काम एक दिवस थांबलं नाही. तुझ्या पोरीनं बिनधास्त जावं," असे तो म्हणाला. त्याचा मुद्दा मला पटण्यासारखा वाटला. ज्या शहरात हजारो बायकांनी मूल शेजारी ठेवून विड्या वळून घर चालवले, त्या शहराने आईने काम करण्याचे नवल का करावे?

कट्ट्यावरच्या मास्तरांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, तेव्हा भाजीची पिशवी घेऊन मास्तरांना न्यायला आल्या होत्या. त्या सिव्हिलमधून परिचारिका म्हणून निवृत्त झालेल्या. उभ्या उभ्याच त्यांनी विचारले, "अण्णा, आई कारखान्यात माल द्यायला जायची, तेव्हा तुम्हाला कोण सांभाळायचं?"

"थोरली अक्का."

"तिची शाळा कितवीला सुटली?"

अण्णा बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने सांगितले की अक्काची शाळा तिसरीत सुटली, आणि ती सुटण्याचे कारण आपण आहोत हे त्याला कळायला स्वतःच्या मुलीला शाळेत घालण्याचा दिवस उजाडावा लागला. तंबाखूच्या धुळीत बसून सगळ्या भावंडांना लागलेला खोकला वहिनींनी काढला नाही, तोही त्याने स्वतःच सांगितला. वहिनी त्याला दुखावण्यासाठी बोलल्या नव्हत्या. त्यांनी शांतपणे एवढेच म्हटले की लहान मूल सांभाळण्याची किंमत प्रत्येक घरात कोणीतरी देतेच, मात्र तुमच्या घरात ती आठ वर्षांच्या मुलीने दिली आणि माझ्या घरात माझ्या सासूबाईंच्या गुडघ्यांनी दिली, म्हणून ती कोणाच्या वहीत चढली नाही.

ते ऐकून मला माझी पत्नी आठवली. नातू 2024 च्या नोव्हेंबरमध्ये झाला तेव्हा ती तिकडे गेली होती. शेंगेन व्हिसावर कोणत्याही 180 दिवसांत 90 च दिवस राहता येते आणि प्रवासी विमा किमान 30,000 युरोंचा काढावा लागतो. ती 90 दिवस राहून परतली आणि तिच्यामागोमाग विहीणबाई गेल्या. परदेशातल्या पहिल्या बाळंतपणात आपल्याकडची कित्येक घरे आईवडील आणि सासूसासरे अशा पाळ्याच लावतात, आणि आम्हीही त्यात वेगळे काही केले नाही. तिथे दुपारी चारनंतर अंधार पडे, शेजारपाजार बंद दारांचा, आणि जिला स्वयंपाकघरातल्या खिडकीतून समोरच्या बाईशी बोलायची सवय, ती माझी पत्नी तीन महिने एका तान्ह्या मुलाशी बोलत राहिली. डिंकाचे लाडू, शेक, मालिश, सगळे तिने हौसेने केले, पण परत आल्यावर ती म्हणाली, "पुन्हा बोलावलं तर जाईन, पण माझं वय धरून बोलवा." हे वाक्य मी कट्ट्यावर पहिल्यांदा सांगितले, आणि पाळ्यांचा तोडगा त्या संध्याकाळी पुन्हा कोणी काढला नाही.

दुसऱ्या संध्याकाळी मास्तरांचा पुतण्या आला. तो म्युनिकला असतो आणि गड्ड्यासाठी आठ दिवस गावी आला होता. त्याने सांगितलेले बरेचसे मला तुकड्यातुकड्यांनी माहीत होते, पण सलग असे पहिल्यांदाच ऐकले. प्रसूतीआधी सहा आणि नंतर आठ आठवडे आईला कायद्याचे संरक्षण असते, आणि नंतरचे आठ आठवडे तर सक्तीच्या सुटीचे असतात. त्यापुढे पालकरजा, तिला तिकडे एल्टर्नत्साइट म्हणतात. ती आई आणि वडील दोघांनाही प्रत्येकी तीन वर्षांपर्यंत मिळू शकते, तिच्या काळात नोकरीवरून काढता येत नाही, आणि तिच्यात आठवड्याला 32 तासांपर्यंत काम करायलाही मुभा असते. या रजेला पगार नसतो. त्याऐवजी सरकार एल्टर्नगेल्ड, म्हणजे पालकभत्ता, देते, ते आधीच्या निव्वळ पगाराच्या साधारण 65 टक्के, कमीत कमी 300 आणि जास्तीत जास्त 1,800 युरो. एका पालकाने घेतले तर ते बारा महिने मिळते. दुसऱ्याने निदान दोन महिने घेतले तरच चौदा होतात.

मास्तरांनी मध्येच आपल्या मातृत्व लाभ कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीची आठवण करून दिली. तिने बाळंतपणाची भरपगारी रजा 12 वरून 26 आठवड्यांवर नेली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक केले. आपला कायदा कागदावर काही कमी नाही, हे त्यांचे म्हणणे मला मान्य आहे. फरक असा की आपल्याकडे ईएसआयचा, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचा, आसरा नसेल तर त्या 26 आठवड्यांचा सगळा भार मालकावर पडतो, म्हणून मुलाखतीतच लग्न झाले का हे विचारले जाते. तिकडे एल्टर्नगेल्ड सरकारी तिजोरीतून येते. शिवाय बापाच्या रजेबद्दल आपला तो कायदा एक शब्दही बोलत नाही.

पण त्या संध्याकाळचा खरा मुद्दा निघाला तो साहेबांनी कालचा कागद पुतण्यापुढे ठेवल्यावर. त्याने सोळाशेच्या आकड्यावर बोट ठेवून विचारले, "काका, ताई पाचव्या करवर्गात आहेत का?" मला काही कळेना. तेव्हा त्याने समजावून सांगितले की जर्मनीत नवराबायको दोघे कमावत असले तर त्यांना करवर्ग निवडता येतात. जास्त पगाराच्या जोडीदाराने तिसरा आणि कमी पगाराच्याने पाचवा घेतला तर दोघांच्याही करसवलती पहिल्याच्या पगाराला लागतात, त्याचा हातातला पगार फुगतो आणि दुसऱ्याचा आक्रसतो. वर्षअखेरीस एकत्र विवरणपत्र भरले की दोघांचा मिळून कर तेवढाच निघतो. म्हणजे घरात येणारा पैसा तोच, फक्त दर महिन्याच्या कागदावर तो नवऱ्याच्या नावाखाली जास्त दिसतो. दोघांनीही चौथा वर्ग घेतला तर तिच्याच अठ्ठावीस तासांचे दरमहा चारशेहून अधिक युरो जास्त दिसतील, जवळजवळ किटाच्या फीइतके. आणि एल्टर्नगेल्ड निव्वळ पगारावर ठरत असल्यामुळे, बाळंतपणाआधी पाचव्या वर्गात राहिलेल्या बाईचे एल्टर्नगेल्डही कमी बसते. ही रक्कम मात्र वर्षअखेरीस परत येत नाही. माझ्या मुलीचे नेमके तेच झाले होते.

साहेबांनी चष्मा काढला आणि कागद पुन्हा वाचला. चाळीस वर्षे लोकांचे हिशेब तपासलेला हा माणूस अत्यंत गंभीर झाला होता. ते म्हणाले, "म्हणजे मी ज्या आकड्यातून वजा करत होतो, तो आकडाच तिचा पूर्ण नव्हता." थोड्या वेळाने त्यांनी स्वतःच पुढचा प्रश्न केला: आणि पाळणाघराची फी मी तिच्या एकटीच्या पगारातून का वजा केली? मूल तर दोघांचे आहे. त्यांनी कागद उलटून दोन्ही पगार वर लिहिले, फी दोघांच्या बेरजेखाली मांडली, आणि अर्थातच ती तिथे लहान दिसू लागली. मला त्या क्षणी साहेबांबद्दल जो आदर वाटला, तो इतक्या वर्षांत कधी वाटला नव्हता.

अण्णाला अजून पटत नव्हते. पैशाचे झाले, मुलाचे काय, हा त्याचा प्रश्न होता, आणि तो रास्तच होता. वयाचे एक वर्ष पूर्ण केलेल्या प्रत्येक मुलाला जागा मिळण्याचा हक्क तिथल्या कायद्याने 1 ऑगस्ट 2013 पासून दिला आहे, पण जागा पुरेशा नाहीत, शिक्षिकांची टंचाई आहे, आणि कित्येक आईबाप मूल जन्मण्याआधीच नावे नोंदवून ठेवतात. जागा मिळाल्यावरही मुलाला एकदम सोडत नाहीत. पहिले तीन दिवस आई किंवा बाप मुलासोबत तासभर त्याच खोलीत बसतो. चौथ्या दिवशी काही मिनिटांसाठी बाहेर जातो, आणि मूल शिक्षिकेच्या कडेवर शांत होते की नाही हे पाहून पुढचे दिवस ठरतात. याला काही आठवडे लागतात. पहिल्या हिवाळ्यात मूल सारखे सर्दीतापाने आजारी पडते, हे पुतण्याने लपवले नाही. त्यासाठी सरकारी आरोग्य विमा असलेल्या प्रत्येक पालकाला 2024 पासून दर मुलामागे वर्षाला 15 दिवसांची रजा विम्याच्या पैशातून मिळते. "प्रत्येक पालकाला म्हणजे बापालाही?" असे वहिनींनी मुद्दाम मोठ्याने विचारले.

बापाची गोष्ट निघाली तेव्हा मला एक कबुली द्यावी लागली. माझ्या नातवासोबत त्या खोलीत बसणारा त्याचा बापच होता. जावयाने आपले दोन महिने त्यासाठीच राखून ठेवले होते, आणि पुढे आपणही पालकरजेतच 32 तासांचे काम मागणार असल्याचे त्याने मला सांगितले होते. त्याला कायम वास्तव्याचा परवाना मिळालेला असल्यामुळे, ब्लू कार्डासाठी, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांच्या परवान्यासाठी, किमान पगाराची जी अट टिकवावी लागते, तिची अडचण उरली नव्हती. हे ऐकून माझ्या मनात पहिला विचार आला तो त्याची बढती अडेल हा. मुलीने कामाला जावे की नाही याचा मी आठवडाभर खल केला, पण त्या आठवड्यात तिच्या बढतीचा विचार मला एकदाही सुचला नाही. ती माझीच मुलगी आहे, तिला मीच पुण्याला शिकायला पाठवले, हुतात्मा एक्स्प्रेसने पहाटे तिला सोडायला मीच जात असे. हे मी कट्ट्यावर बोललो तेव्हा माझा आवाज नीट राहिला नाही, आणि मित्रांनीही मला सावरून घेण्याची घाई केली नाही.

तिसऱ्या संध्याकाळी मतभेद शिल्लक होतेच. अण्णाचे मत असे झाले की मुलाने दीड वर्ष तरी घरात काढावे, मग ते आईजवळ असो वा बापाजवळ. मास्तरांना भाषेची चिंता होती. दिवसाचे सहा तास जर्मन ऐकणारे मूल आजीशी काय बोलणार? त्यावर वहिनींनी पूर्व भागाचे उदाहरण दिले. तिथली मुले घरात तेलुगू, रस्त्यावर मराठी आणि शेजारी कन्नड ऐकत वाढतात आणि तिन्हींत भांडतात. अट एवढीच की घरातल्यांनी आपली भाषा सोडू नये. मला हे पटते, पण मास्तरांची चिंता मी पोकळ मानत नाही, कारण सहा तासांच्या जर्मनपुढे रात्रीच्या दोन तासांच्या मराठीला रोज जागे राहावे लागणार आहे, आणि ते दोन तासही कामावरून दमून आलेल्या आईबापांचे असतील.

त्या रात्री नऊ वाजता मी फोन लावला. तिकडे साडेचार झाले होते आणि जावई मुलाला घेऊन नुकताच घरी आला होता. मी करवर्गाचे सांगायला सुरुवात केली, तेव्हा मुलगी म्हणाली की चौथ्या वर्गाचा अर्ज त्यांनी डिसेंबरातच भरला आहे. मग तिने पुन्हा विचारले, "तुम्हाला काय वाटतं, ते सांगा ना." मी म्हणालो, "तू जा. आणि विहीणबाईंशी मी बोलतो, तू त्यांना काही समजावत बसू नकोस." मागे मुलगा कशासाठी तरी रडत होता. जावई त्याला मराठीत काहीतरी सांगत होता, आणि मुलीने फोन कानाला तसाच धरून ठेवला होता.